जॉनी जाइल्स

जॉनी जाइल्स (पूर्ण नाव: मायकेल जॉन जाइल्स; जन्म: ६ नोव्हेंबर १९४०, डब्लिन, आयर्लंड) हे आयर्लंडचे माजी फुटबॉलपटू, प्रशिक्षक व फुटबॉल समीक्षक आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उत्तम मध्यरक्षकांमध्ये त्यांची गणना होते. मँचेस्टर युनायटेडकडून त्यांनी कारकिर्दीला सुरुवात केली. तथापि त्यांचे नाव मुख्यत्वे लीड्स युनायटेड या क्लबशी जोडलेले आहे. लीड्सकडून १९६३ ते १९७५ या बारा वर्षांत ते पाचशेहून अधिक सामने खेळले. आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून त्यांनी ५९ सामन्यांत ५ गोल केले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये, खेळाडू म्हणून ऐन बहरात असतानाच, त्यांच्याकडे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद आले. पुढील साडेसहा वर्षे त्यांनी ते सांभाळले आणि त्यांपैकी बहुतेक काळ ते स्वतःही संघात खेळत होते. त्यांच्या काळात आयर्लंडचा संघ विश्वचषक अथवा युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचू शकला नाही. मात्र संघाची निवड, तयारी आणि खेळण्याची पद्धत यांत त्यांनी घडवून आणलेला बदल आयर्लंडच्या फुटबॉल इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

## सुरुवातीचे जीवन

जाइल्स यांचे बालपण डब्लिनमधील लिफी नदीच्या उत्तरेकडील ऑर्मंड स्क्वेअर या कामगार वस्तीत गेले. वडील डिकी जाइल्स हे स्वतः फुटबॉल खेळलेले आणि या खेळाचे जाणकार होते. वस्तीतील चौकात लहान चेंडूने तासन्‌तास खेळण्याचा सराव जाइल्स यांना पुढे उपयोगी पडला. चेंडूवरील ताबा आणि दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने पास देण्याची हातोटी ही त्यांच्या खेळाची ओळख ठरली.

त्या काळी आयर्लंडमध्ये पूर्णवेळ व्यावसायिक फुटबॉलला फारसा वाव नव्हता. त्यामुळे गुणी मुले शालेय वयातच इंग्लंडमधील क्लबांकडे जात. जाइल्सही किशोरवयात मँचेस्टरला गेले आणि १९५७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मँचेस्टर युनायटेडशी त्यांचा व्यावसायिक करार झाला. देशातील गुणवत्ता अशी लहान वयातच परदेशी जाते, ही जाणीव पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी घेतलेल्या एका मोठ्या निर्णयामागे होती.

## क्लब कारकीर्द

### मँचेस्टर युनायटेड (१९५७–१९६३)

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे झालेल्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू मृत्युमुखी पडले. डब्लिनचेच असलेले लियाम व्हेलन हे त्यांपैकी एक होते. प्रशिक्षक मॅट बझ्बी यांना नव्याने संघ उभारावा लागला आणि त्यात तरुण जाइल्स यांना संधी मिळाली. सप्टेंबर १९५९ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परविरुद्ध त्यांनी पदार्पण केले.

युनायटेडमध्ये जाइल्स बहुतेक वेळा उजव्या बगलेवर खेळत. २५ मे १९६३ रोजी वेम्ब्ली येथे लेस्टर सिटीला ३–१ असे नमवून एफ.ए. चषक जिंकणाऱ्या संघात ते होते. परंतु नवा मोसम सुरू होताच त्यांना संघातून वगळण्यात आले. मैदानाच्या मधल्या भागात खेळण्याची आपली कुवत आहे, असे त्यांना वाटत होते. क्लबचा विचार वेगळा होता. अखेर त्यांनी स्वतःहून बदलीची मागणी केली. ऑगस्ट १९६३ मध्ये ३३,००० पौंडांच्या मोबदल्यात ते लीड्स युनायटेडमध्ये दाखल झाले. चषकविजेत्या संघातून दुसऱ्या विभागातील क्लबमध्ये जाण्याचा हा निर्णय त्या वेळी अनेकांना अनाकलनीय वाटला असणार. पण त्यांच्या कारकिर्दीला वळण मिळाले ते याच निर्णयामुळे.

### लीड्स युनायटेड (१९६३–१९७५)

लीड्सचे प्रशिक्षक डॉन रिव्ही हे तेव्हा एका सामान्य क्लबचे रूपांतर बलाढ्य संघात करण्याच्या प्रयत्नात होते. जाइल्स यांच्या पहिल्याच मोसमात लीड्सने दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून पहिल्या विभागात प्रवेश केला. त्यापुढील १९६४–६५ च्या मोसमात पहिल्या विभागाचे विजेतेपद केवळ गोल सरासरीच्या आधारे हुकले. ते मिळाले मँचेस्टर युनायटेडला.

ऑक्टोबर १९६५ मध्ये फेअर्स चषकाच्या तुरीन येथील सामन्यात लीड्सचे अनुभवी मध्यरक्षक बॉबी कॉलिन्स यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यांची जागा भरून काढण्यासाठी रिव्ही यांनी जाइल्स यांना बगलेवरून मधल्या फळीत आणले. स्कॉटलंडचे बिली ब्रेमनर आणि आयर्लंडचे जाइल्स ही जोडी त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे टिकली. ब्रेमनर यांचा खेळ आवेगाचा आणि मैदानभर धावण्याचा, तर जाइल्स यांचा थंड डोक्याचा आणि हिशेबी. सामन्याची गती कधी वाढवायची आणि कधी रोखायची, हे जाइल्स ठरवत. लीड्सच्या पेनल्टी घेण्याचे कामही अनेक वर्षे त्यांच्याकडेच होते.

या काळात लीड्सने १९६८ मध्ये लीग चषक, १९६८ व १९७१ मध्ये फेअर्स चषक, १९६९ व १९७४ मध्ये पहिल्या विभागाचे विजेतेपद आणि १९७२ मध्ये एफ.ए. चषक जिंकला. १९६८–६९ च्या मोसमात ४२ पैकी केवळ २ सामने गमावून संघाने ६७ गुण मिळवले. तो तेव्हाचा विक्रम होता. मात्र निसटलेल्या विजेतेपदांची संख्याही मोठी होती. १९६५ ते १९७२ या काळात लीड्सला लीगमध्ये पाच वेळा उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. १९६५, १९७० व १९७३ या तिन्ही वर्षी एफ.ए. चषकाच्या अंतिम फेरीत संघ पराभूत झाला.

### रिव्ही यांच्यानंतर

१९७४ च्या उन्हाळ्यात रिव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. आपल्या जागी जाइल्स यांना नेमावे, अशी शिफारस त्यांनी क्लबकडे केली होती. संचालकांनी मात्र लीड्सचे कडवे टीकाकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या ब्रायन क्लॉफ यांची नेमणूक केली. क्लॉफ आणि खेळाडू यांचे सूर जुळले नाहीत आणि अवघ्या ४४ दिवसांत क्लॉफ यांना जावे लागले. त्यानंतर जाइल्स यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. परंतु अखेरीस जिमी आर्मफील्ड यांच्याकडे सूत्रे सोपवण्यात आली.

२८ मे १९७५ रोजी पॅरिस येथे युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात लीड्सला बायर्न म्युनिककडून ०–२ असा पराभव पत्करावा लागला. हा जाइल्स यांचा लीड्सकडून शेवटचा सामना ठरला.

क्लॉफ यांच्या ४४ दिवसांवर डेव्हिड पीस यांनी २००६ मध्ये ‘द डॅम्ड युनायटेड’ ही कादंबरी लिहिली. तीतील आपले चित्रण असत्य असल्याचे सांगत जाइल्स यांनी कायदेशीर कारवाई केली. परिणामी पुस्तकातील काही मजकूर बदलण्यात आला.

## खेळाची शैली

जाइल्स उंचीने कमी होते आणि वेगासाठीही प्रसिद्ध नव्हते. त्यांचे बळ होते ते दृष्टी आणि निर्णयशक्तीचे. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो पुढे कोणाकडे द्यायचा, हे त्यांनी ठरवलेले असे. मूळचे उजव्या पायाचे असूनही डाव्या पायाने तितकाच अचूक लांब पास ते देऊ शकत.

मात्र त्यांचा खेळ केवळ नजाकतीचा नव्हता. रिव्ही यांचा लीड्स संघ आडदांड खेळासाठी ओळखला जाई आणि जाइल्सही त्याला अपवाद नव्हते. प्रतिस्पर्ध्याला रोखताना ते कठोरपणे भिडत आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. कौशल्य आणि कठोरपणा यांचे हे मिश्रण त्या काळातील इंग्लिश फुटबॉलचे वैशिष्ट्य होते.

## आंतरराष्ट्रीय कारकीर्द

१ नोव्हेंबर १९५९ रोजी डब्लिनच्या डेलीमाउंट पार्क मैदानावर स्वीडनविरुद्ध जाइल्स यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. एकोणिसाव्या वाढदिवसाला तेव्हा पाच दिवस बाकी होते. स्वीडनचा संघ आदल्या वर्षीच्या विश्वचषकाचा उपविजेता होता. आयर्लंड ०–२ असे पिछाडीवर असताना जाइल्स यांनी गोल केला आणि आयर्लंडने तो सामना ३–२ असा जिंकला.

अशा अधूनमधूनच्या विजयांपलीकडे आयर्लंडच्या संघाची स्थिती फारशी समाधानकारक नव्हती. संघ निवडण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडे नव्हता, तर फुटबॉल संघटनेच्या निवड समितीकडे होता. घरचे सामने बहुधा रविवारी होत. इंग्लंडमध्ये खेळणारे खेळाडू शनिवारी आपापल्या क्लबकडून खेळून रात्रीच्या प्रवासाने डब्लिनला पोहोचत आणि दुसऱ्या दिवशी एकत्र सराव न करताच मैदानात उतरत. या पद्धतीविरुद्ध वरिष्ठ खेळाडूंमध्ये असंतोष होता आणि जाइल्स हे त्यांतील एक प्रमुख नाव होते. १९६९ मध्ये मिक मीगन यांची नेमणूक झाली, तेव्हा संघनिवडीचा अधिकार प्रथमच प्रशिक्षकाकडे आला. त्यांच्यानंतर लियाम टुही यांनी हे पद सांभाळले.

## राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक (१९७३–१९८०)

ऑक्टोबर १९७३ मध्ये जाइल्स यांची खेळाडू-प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांचा पहिला सामना २१ ऑक्टोबर रोजी पोलंडविरुद्ध होता. चारच दिवसांपूर्वी वेम्ब्ली येथे इंग्लंडला बरोबरीत रोखून पोलंडने विश्वचषकात प्रवेश मिळवला होता. आयर्लंडने हा सामना १–० असा जिंकला.

मे १९७४ मध्ये संघ दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानावर तेव्हाच्या विश्वविजेत्या ब्राझीलकडून संघ १–२ असा हरला. चिलीला मात्र सँटियागो येथे २–१ असे हरवले. एखाद्या सामन्यापुरते एकत्र येण्याऐवजी काही काळ एकत्र राहून सराव करण्याची ही संधी नव्या संघासाठी मोलाची होती.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी डेलीमाउंट पार्कवर सोव्हिएत संघाविरुद्ध मिळवलेला ३–० असा विजय हा जाइल्स यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला निकाल होय. तिन्ही गोल डॉन गिव्हन्स यांनी केले. याच सामन्यात अठरा वर्षांच्या लियाम ब्रेडी यांनी पदार्पण केले आणि त्यांच्या शेजारी मधल्या फळीत खुद्द प्रशिक्षक खेळत होते. पुढील वर्षी तुर्कस्तानविरुद्धच्या ४–० अशा विजयात गिव्हन्स यांनी चारही गोल केले. तरीही १९७६ च्या युरोपियन अजिंक्यपदाच्या पात्रता गटात सोव्हिएत संघाने ८ गुणांसह पहिले स्थान मिळवले. ७ गुणांवरील आयर्लंडची संधी एका गुणाने हुकली.

१९७८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आयर्लंडच्या गटात फ्रान्स आणि बल्गेरिया होते. ३० मार्च १९७७ रोजी डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर ब्रेडी यांच्या गोलमुळे फ्रान्सवर १–० असा विजय मिळाला. त्यानंतर सोफिया येथे बल्गेरियाविरुद्ध जाइल्स यांनी केलेला गोल पंचांनी रद्द ठरवला आणि आयर्लंडने तो सामना १–२ असा गमावला. गटातून फ्रान्सचा संघ पात्र ठरला.

१९८० च्या युरोपियन अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड हे दोन संघ प्रथमच एकमेकांसमोर आले. उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराच्या काळात, २० सप्टेंबर १९७८ रोजी डब्लिन येथे झालेला हा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. या मोहिमेतही आयर्लंडला पात्रता मिळाली नाही. १९७९ मध्ये जाइल्स यांनी शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुमारे वीस वर्षांची ठरली. मार्च १९८० मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सायप्रसवर ३–२ असा विजय मिळवल्यानंतर त्यांनी प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला.

संघाने लांब चेंडू उडवत न राहता तो पायाशी ठेवून, छोट्या पासांनी खेळ उभारावा, असा जाइल्स यांचा आग्रह होता. या पद्धतीमुळे संघ सहज हरेनासा झाला. पण परक्या भूमीवर तो सावध खेळतो आणि पुरेसे गोल करत नाही, अशी टीकाही झाली.

## क्लब प्रशिक्षक

### वेस्ट ब्रॉमविच अल्बियन (१९७५–१९७७)

जून १९७५ मध्ये ४८,००० पौंडांच्या मोबदल्यात जाइल्स दुसऱ्या विभागातील वेस्ट ब्रॉमविच अल्बियनमध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. पहिल्याच मोसमात, २४ एप्रिल १९७६ रोजी, ओल्डहॅम येथे टोनी ब्राउन यांनी केलेल्या एकमेव गोलच्या जोरावर अल्बियनने तिसरे स्थान पक्के करून पहिल्या विभागात प्रवेश मिळवला. पुढील मोसमात संघ सातव्या क्रमांकावर राहिला. ब्रायन रॉबसन आणि डेरेक स्टॅथम या तरुण खेळाडूंची जडणघडण याच काळात झाली, तर लॉरी कनिंगहॅम यांना जाइल्स यांनी १९७७ मध्ये संघात आणले.

यश मिळत असतानाही जाइल्स समाधानी नव्हते. इंग्लिश क्लबमध्ये प्रशिक्षकावर सर्व जबाबदारी टाकली जाते, पण अंतिम अधिकार संचालकांच्या हाती राहतात, ही रचना त्यांना मान्य नव्हती. १९७६ मध्येच त्यांनी पद सोडण्याचे ठरवले होते. आग्रहाखातर ते आणखी एक मोसम थांबले आणि १९७७ मध्ये आयर्लंडला परतले.

### शॅमरॉक रोव्हर्स (१९७७–१९८३)

डब्लिनमधील शॅमरॉक रोव्हर्स या जुन्या क्लबची सूत्रे जाइल्स यांनी १९७७ मध्ये स्वीकारली. मिलटाउन येथील या क्लबला पूर्णवेळ व्यावसायिक बनवायचे, आयरिश मुलांना मायदेशातच उत्तम प्रशिक्षण द्यायचे आणि कालांतराने युरोपियन चषकात बड्या क्लबांशी झुंज देईल असा संघ घडवायचा, अशी ही योजना होती. ईमन डन्फी आणि रे ट्रेसी हे इंग्लंडमध्ये खेळलेले अनुभवी खेळाडूही या प्रयोगात सहभागी झाले.

१९७८ मध्ये रोव्हर्सने अंतिम सामन्यात स्लायगो रोव्हर्सला हरवून आयर्लंडचा एफ.ए.आय. चषक जिंकला. मात्र अपेक्षित यश त्यापुढे गेले नाही. जाइल्स यांच्या कारकिर्दीत संघाला लीगचे विजेतेपद मिळाले नाही. प्रेक्षकांचा पुरेसा प्रतिसाद नसल्याने पूर्णवेळ खेळाडूंचा खर्च पेलणे अवघड होते, तर गुणी मुलांचा इंग्लंडकडे जाण्याचा ओघही थांबला नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये जाइल्स यांनी राजीनामा दिला. रोव्हर्सने १९८४ ते १९८७ अशी सलग चार वर्षे लीग जिंकली. परंतु त्यांपैकी पहिली तीन विजेतेपदे जिम मॅक्‌लॉक्लिन यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाली. १९८७ मध्ये क्लबने मिलटाउनचे मैदान सोडले.

### व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स आणि पुन्हा अल्बियन

१९८१ ते १९८३ या काळात जाइल्स यांनी कॅनडातील व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सचे प्रशिक्षकपद भूषवले. पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेले पीटर बीअर्ड्स्ली त्यांच्याच काळात व्हँकुव्हरला आले. १९८२ मध्ये उत्तर अमेरिकन सॉकर लीगचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून जाइल्स यांची निवड झाली.

फेब्रुवारी १९८४ मध्ये ते वेस्ट ब्रॉमविच अल्बियनमध्ये परतले. मँचेस्टर युनायटेडमधील जुने सहकारी आणि मेहुणे नॉबी स्टाइल्स, तसेच लीड्समधील सहकारी नॉर्मन हंटर त्यांच्या मदतीला होते. हा दुसरा कालखंड मात्र पहिल्यासारखा यशस्वी झाला नाही. १९८५ च्या शरद ऋतूत सलग पराभवांनंतर त्यांनी पद सोडले आणि त्या मोसमाअखेर अल्बियनची दुसऱ्या विभागात घसरण झाली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी जाइल्स यांची क्लब प्रशिक्षक म्हणून कारकीर्द संपली. १९८६ च्या आरंभी आयर्लंडच्या प्रशिक्षकपदासाठी त्यांचे नाव पुन्हा विचारात घेतले गेले. मात्र ती निवड लीड्समधील त्यांचे सहकारी जॅक चार्ल्टन यांची झाली.

## समीक्षक म्हणून कारकीर्द

१९८६ च्या विश्वचषकापासून आयर्लंडच्या आर.टी.ई. दूरचित्रवाणीवर जाइल्स समीक्षक म्हणून दिसू लागले. निवेदक बिल ओ’हर्लिही, ईमन डन्फी, आणि पुढे लियाम ब्रेडी यांच्यासह होणाऱ्या त्यांच्या चर्चा आयर्लंडमध्ये अत्यंत लोकप्रिय होत्या. डन्फी भावनेच्या भरात बोलत, तर जाइल्स नेमके आणि संयत बोलत. चार्ल्टन यांच्या मार्गदर्शनाखाली आयर्लंडने १९८८ चे युरोपियन अजिंक्यपद आणि १९९० चा विश्वचषक गाठला. लांब चेंडूंवर आधारलेल्या त्यांच्या खेळपद्धतीवर याच काळात आयर्लंडमध्ये मोठा वाद झाला. चेंडू पायाशी ठेवून खेळावे, हे आपले मत जाइल्स यांनी संघ जिंकत असतानाही सोडले नाही. २०१६ च्या युरोपियन अजिंक्यपदानंतर ते आर.टी.ई.मधून निवृत्त झाले.

त्यांचे ‘अ फुटबॉल मॅन’ हे आत्मचरित्र २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्थानिक पातळीवरील फुटबॉलला साहाय्य करण्यासाठी जॉन जाइल्स प्रतिष्ठानची स्थापना झाली.

## महत्त्व

चषकांच्या संख्येवरून पाहिले, तर प्रशिक्षक जाइल्स हे खेळाडू जाइल्स यांच्या बरोबरीला येत नाहीत. तथापि त्यांच्या नेमणुकीपूर्वीचा आणि नंतरचा आयर्लंडचा संघ यांत फरक पडला, हे सामान्यतः मान्य केले जाते. निवड समितीच्या काळात स्वतः खेळलेला माणूसच संघाचा प्रमुख झाल्याने खेळाडूंच्या अडचणींना प्रथमच वजन मिळाले. ब्रेडी आणि फ्रँक स्टेपल्टन यांची पिढी त्यांच्या हाताखाली आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये रुळली. त्यानंतरचे प्रशिक्षक इऑइन हँड यांच्या काळात १९८२ च्या विश्वचषकाची पात्रता केवळ गोलफरकाने हुकली. मिलटाउनचा प्रयोग फसला. तरी त्यातून पुढे आलेला प्रश्न, म्हणजे आयरिश मुलांना घरच्याच मैदानावर कसे घडवायचे, आयर्लंडच्या फुटबॉलमध्ये आजही चर्चिला जातो.

## सन्मान

खेळाडू म्हणून:
- एफ.ए. चषक: १९६३ (मँचेस्टर युनायटेड), १९७२ (लीड्स युनायटेड)
- दुसऱ्या विभागाचे विजेतेपद: १९६३–६४ (लीड्स युनायटेड)
- पहिल्या विभागाचे विजेतेपद: १९६८–६९, १९७३–७४ (लीड्स युनायटेड)
- लीग चषक: १९६८ (लीड्स युनायटेड)
- फेअर्स चषक: १९६८, १९७१ (लीड्स युनायटेड)

प्रशिक्षक म्हणून:
- पहिल्या विभागात बढती: १९७५–७६ (वेस्ट ब्रॉमविच अल्बियन)
- एफ.ए.आय. चषक: १९७८ (शॅमरॉक रोव्हर्स)
- उत्तर अमेरिकन सॉकर लीगचे सर्वोत्तम प्रशिक्षक: १९८२ (व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स)

इतर:
- युरोपियन फुटबॉल महासंघाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रत्येक सदस्य संघटनेने मागील पन्नास वर्षांतील आपला सर्वोत्तम खेळाडू निवडला. आयर्लंडच्या संघटनेने जाइल्स यांची निवड केली.